एकेरी विटेची गार भिंत आतून झाकताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या जुन्या व्हिक्टोरियन घरांना मागून जोडलेलं स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर पुष्कळदा एकेरी विटेचं असतं, जेमतेम चार इंची. बाहेर ० अंश आणि आत २० अंश असताना अशी भिंत आतून साधारण ११-१२ अंशांवर येते. खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांनाच दव धरतं. त्यात आपल्या घरात रोज कुकर, चहा, भात आणि रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे.

पहिल्या हिवाळ्यात मी माझ्या घरातल्या अशाच भिंतीला ३ मिलिमीटरचा थर्माकोलचा रोल चिकटवला आणि वर वॉलपेपर लावला. हाताला ऊब लागली, म्हणून काम झालं असं वाटलं. पुढच्या जानेवारीत कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. एवढ्या पातळ थराने उष्णता फारशी अडत नाही. पीआयआरचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचा, बोर्ड लावायचा तर ६५-७० मिलिमीटर तरी हवा. खोली तेवढी लहान होते, ते मान्य करावं लागतं.

पण जाड बोर्ड लावल्यावर खरी जोखीम सुरू होते, आणि ती कुणी आधी सांगत नाही. बोर्डामागची वीट आता पूर्वीपेक्षाही गार पडते, कारण खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी मसाल्याचे नुसते गोळे-गोळे लावून बोर्ड चिकटवला, तर मागे पोकळी राहते. सांध्यांतून, स्विचच्या खोक्यातून खोलीची दमट हवा तिथे शिरते आणि पाणी होऊन विटेवर बसते. म्हणून बोर्डाच्या चारही कडांना चिकटवणाऱ्या मसाल्याची सलग पट्टी द्या, सांध्यांवर फॉइलची टेप लावा, फटी फोमने भरा. लाकडी पट्ट्या थेट विटेला ठोकू नका. त्या कुजतात.

ओली भिंत झाकणं ही आणखी मोठी चूक. आधी पाणी कुठून येतंय ते बघा. फॉइलचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ते हवेतलं दव, मागे आले तर ओल भिंतीतून येते आहे. मग गळकी पन्हळ, विटांमधल्या भुगा झालेल्या दरजा आधी दुरुस्त करा. जुन्या मऊ विटांत सिमेंट नको, चुन्याचाच मसाला वापरा. भिंत वाळायला एक अख्खा उन्हाळा लागला तरी थांबा.

खिडकीच्या बगला सोडू नका, तिथे २० मिलिमीटरचा बोर्डही पुरतो. कोपऱ्यात या भिंतीला येऊन मिळणाऱ्या भिंतीवरही फूटभर बोर्ड वळवा, नाहीतर बुरशी कोपऱ्यात सरकते. विजेच्या वायरी थर्माकोलला चिकटू देऊ नका, त्याने वायरीचं प्लॅस्टिक खराब होतं.

निम्म्याहून जास्त भिंत नव्याने करणार असाल, तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याला, आधीच विचारा. आणि बोर्डांच्या यादीत एक्झॉस्ट फॅनही लिहा, वाफ थेट घराबाहेर सोडणारा.