दिल्ली युनिव्हर्सिटीला जायचंय? मग अकरावीतच या गोष्टी बघून ठेवा

दिल्ली युनिव्हर्सिटीचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "किती टक्के लागतात?" २०२२ पासून तिथली ॲडमिशन सीयूईटी या देशभरच्या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर होते, त्यामुळे बारावीचे टक्के आता पात्रतेपुरते आणि टाय झाला तर, बाकी त्यांना तिथे कोणी विचारत नाही. आपल्या पोरांची सीट जाते ती बऱ्याचदा मार्कांपायी नाहीच जात, विषय भलतेच घेतलेले असतात नाहीतर जातीचं सर्टिफिकेट केंद्राऐवजी राज्याच्या नमुन्यातलं असतं, आणि हे कळतं कधी तर जुलैमध्ये, जेव्हा काही करता येत नाही.

आधी एक बघून घ्या की आपण बाहेरचे म्हणून कुठे अडतोय आणि कुठे नाही. दिल्ली युनिव्हर्सिटी केंद्राची आहे, तिच्या रेग्युलर कॉलेजांत दिल्लीकरांसाठी वेगळा कोटा नाही, म्हणजे सांगलीचं पोर आणि दिल्लीचं पोर एकाच मेरिटमध्ये. पण दिल्लीत आहे म्हणून सगळंच तसं नाही, आयपी युनिव्हर्सिटी आणि आंबेडकर युनिव्हर्सिटी दिल्ली सरकारच्या, तिथे ८५ टक्के जागा दिल्लीवाल्यांना, उरलेल्यात अख्खा देश. डीयूचंच एनसीवेब म्हणून मुलींसाठी शनिवार-रविवारचं शिक्षण आहे ते पण फक्त दिल्लीत राहणाऱ्या मुलींना. आणि दिल्लीचाच हट्ट कशाला हेही एकदा घरात बसून बोला, हैदराबाद युनिव्हर्सिटीत बारावीनंतर पाच वर्षांचे इंटिग्रेटेड कोर्स आहेत, ती पण केंद्राचीच, आणि नांदेडकडच्या लोकांना हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडतं.

आता विषय. हे अकरावीला ठरतं म्हणून अकरावी म्हणतेय. कॉमर्सला आपल्याकडे बऱ्याच ज्युनियर कॉलेजात एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) की मॅथ्स असा पर्याय देतात आणि निम्मा वर्ग "एसपी सोपं जातं" म्हणून एसपी घेतो. डीयूला इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी मॅथ्स लागतं, बीएमएस म्हणजे मॅनेजमेंटच्या कोर्सला मॅथ्स लागतं, आणि सीयूईटीत एसपी नावाचा पेपरच नाही. बीकॉम ऑनर्सला अकाउंट्सच्या जोरावर जाता येतं, पण बाकीची दारं तुम्ही पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्वतःच लावून घेतलेली असतात. याच्यातच दुसरी मेख आहे, सीयूईटी घेणाऱ्या एनटीएचा फॉर्म भरताना बारावीला नसलेला विषयही निवडता येतो, आणि लोक स्कोअरिंग आहे म्हणून निवडतातही, पण डीयू म्हणते की जे विषय बारावीला पास झालात त्याच विषयांचे सीयूईटी मार्क धरणार. म्हणजे पेपर दिला, मार्क पडले, उपयोग शून्य. ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) सारख्या विषयाचं नाव सीयूईटीत बिझनेस स्टडीज असं येतं, त्यामुळे आपला कुठला विषय तिकडे कशात बसतो ते डीयूच्या इन्फॉर्मेशन बुलेटिनमध्ये स्वतः शोधून वाचा, क्लासवाल्याच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

सीयूईटीत जास्तीत जास्त पाच विषय देता येतात. बीए ऑनर्सच्या बहुतेक कोर्सना एक भाषा आणि तीन विषय, नाहीतर एक भाषा, दोन विषय आणि जनरल टेस्ट (सामान्य ज्ञान, रीझनिंगचा पेपर). पाचवा पेपर जनरल टेस्ट ठेवला तर दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, मी तरी तेच सांगते. भाषेच्या १३ पर्यायांत मराठी आहे हे कित्येकांना माहीतच नसतं! इंग्लिश ऑनर्सला इंग्लिशच लागणार, बीएमएसला पण, पण हिस्टरी, पॉलिटिकल सायन्ससाठी मराठी चालते का ते त्या वर्षीच्या बुलेटिनमध्ये बघा आणि चालत असेल तर विचार करा, ज्याचं इंग्लिश कॉम्प्रिहेन्शन कच्चं आहे त्याचा तिथे सरळ फायदा आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर सिलॅबस बारावीच्या एनसीईआरटीचा, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांचा आहे आणि आपण शिकतो बालभारतीचं. सायन्सवाल्यांना फार जड जात नाही, आर्ट्सवाल्यांची मात्र खरी गोची होते. आपल्या बारावीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध असलं सगळं, आणि एनसीईआरटीचं पुस्तक उघडलं तर हडप्पा, महाभारताचा काळ, भक्ती-सूफी, विजयनगर. म्हणजे जवळजवळ दुसराच विषय. त्यामुळे अकरावीची परीक्षा संपली की लगेच एनसीईआरटी हातात घ्या, पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत, बोर्ड झाल्यावर बघू म्हणालात तर एचएससी मार्चमध्ये संपते आणि सीयूईटी मेपासून सुरू. प्रत्येक पेपर ६० मिनिटं, ५० प्रश्न, सगळे सोडवायचे, बरोबरला पाच, चुकीला वजा एक. घड्याळ लावून सोडवायची सवय नसेल तर येणारे प्रश्न पण राहून जातात. आणि बोर्ड अगदीच सोडून देऊ नका, दोघांचे सीयूईटी मार्क सारखे आले तर डीयू आधी बारावीच्या बेस्ट थ्रीचे टक्के बघते.

आता सर्टिफिकेटचं, आणि हे सगळ्यात नीट वाचा. आपल्याकडे जे कास्ट आणि नॉन-क्रिमिलेअर असतं ते राज्याच्या नमुन्यातलं असतं, डीयूला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं, ते पण त्याच वर्षी मार्चअखेरनंतर काढलेलं. सेतूत गेल्यावर नुसतं "नॉन-क्रिमिलेअर द्या" म्हणालात तर राज्याचंच हातात पडेल, "सेंट्रलचं पाहिजे" हे तोंडाने सांगा आणि अर्जावर पण तसंच लिहिलंय ना बघा. व्हीजेएनटीवाल्यांनी तर डबल लक्ष द्या, केंद्रात एनटी-सी, एनटी-डी असा प्रकारच नाही, धनगर, वंजारी तिकडे ओबीसीत येतात, म्हणून एनटीचा दाखला अपलोड करून कोणी जनरलमध्ये जाऊन बसू नये. एसईबीसी हे आपल्या राज्याचं आरक्षण, दिल्लीत त्याला काही अर्थ नाही. मराठा उमेदवार तिकडे ओपन, कुणबी दाखला असेल तर केंद्राच्या यादीत ओबीसी, आणि ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटकात) बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ते काढा. पण ईडब्ल्यूएसला आठ लाखांच्या उत्पन्नाबरोबर पाच एकरांची अट आहे, शेती पाच एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असू दे, संपलं. कोरडवाहू दहा एकरवाल्याला हे ऐकून राग येतो आणि तो राग बरोबरच आहे, पण नियम असाय.

नावाचं पण बघा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर नाव आधी आडनाव शेवटी, वर कुठेतरी स्पेलिंगमध्ये एक डबल ए. दहावीची मार्कशीट, आधार, जातीचा दाखला हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आधार दुरुस्ती डिसेंबरपर्यंत उरकलेली बरी, कारण फॉर्म सुरू झाल्यावर आधार केंद्रावर रांगा लागतात आणि साइट पण तेव्हाच बसते.

रिझल्ट लागला म्हणजे झालं असं नाही. डीयूचं सीएसएएस हे जागावाटपाचं पोर्टल वेगळं, तिथे स्वतंत्र रजिस्ट्रेशन, वेगळी फी, आणि हे न केल्यामुळे चांगले मार्क असून घरी बसलेली पोरं दरवर्षी असतात. मग प्रेफरन्स. कॉलेज आणि कोर्स अशी जोडी भरायची असते आणि लोक हिंदू, मिरांडा, हंसराज, एसआरसीसी एवढं भरून मोकळे होतात. अहो शंभर भरा, दीडशे भरा, लिमिट नाही, फक्त क्रम मनापासून लावा, कारण वरची जागा मिळाली की खालच्या आपोआप गेल्या. कॉलेज मोठं की विषय आवडीचा हे भांडण आई-बाबांशी आधीच करून घ्या, शेवटच्या रात्री नको. मला विचाराल तर विषय, तीन-चार वर्षं तुम्हालाच वाचायचंय. तबला, गाणं, नाटक किंवा खेळ यात खरंच काही केलं असेल तर ईसीए (कलागुणांच्या) आणि स्पोर्ट्सच्या जागा आहेत, सर्टिफिकेटं जपून ठेवा.

जागा लागली की दिलेल्या मुदतीत ॲक्सेप्ट करायचीच, आवडली नसली तरी, नाहीतर पूर्ण प्रोसेसमधून बाहेर. ॲक्सेप्ट करून फी भरली की अपग्रेड टाका, पुढच्या राउंडला वरचं मिळालं तर मिळालं. शेवटच्या स्पॉट राउंडला मात्र अपग्रेड नाही की माघार नाही, जे मिळेल ते घ्यायचं, तेव्हा तिथे जे खरंच घेणार तेवढंच भरा.

या सगळ्यात आपल्याकडची ॲडमिशन मे-जूनमध्येच सुरू झालेली असते, बॅकअप म्हणून इथे एक घेऊन ठेवाच. फक्त इथे एलसी ओरिजिनल जमा करायच्या आधी चार-पाच अटेस्टेड झेरॉक्स काढून ठेवा आणि ॲडमिशन रद्द केल्यावर ती किती दिवसांत परत मिळते, फी किती कापतात हे काउंटरवरच विचारून घ्या. बोर्डाच्या मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज पण तेव्हाच टाकून द्या. होस्टेलचा फॉर्म प्रत्येक कॉलेजचा वेगळा, बऱ्याच कॉलेजांना होस्टेल नाहीच, तेव्हा नॉर्थ कॅम्पस मिळाला तर विजय नगर, कमला नगरकडे आणि साउथ मिळाला तर सत्य निकेतनला पीजी बघायला लागा, आणि खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका.