समुद्र नसलेल्या शहरात राहून स्पंजवर काम

पुण्यात प्राणीशास्त्राच्या एमएस्सीला आलेले ज्युनिअर माझा विषय (स्पंज, म्हणजे पाण्यात एका जागी चिकटून राहणारा साधा प्राणी) ऐकला की विचारतात, "पण इथे समुद्र कुठाय?" समुद्र लागतो तो नमुने आणण्यापुरता. बाकी सगळं काम मायक्रोस्कोपखाली चालतं.

कारण स्पंज नुसता बघून ओळखता येत नाही. एकाच जातीचे दोन स्पंज रंगाने, आकाराने वेगळे दिसू शकतात. बहुतेकांची ओळख पटते ती स्पिक्युलवरून, म्हणजे अंगातल्या सूक्ष्म काट्यांवरून. छोटा तुकडा ब्लीचमध्ये ठेवा. मांसल भाग विरघळला की तळाशी काटे उरतात; ते पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, मग अल्कोहोलने, आणि स्लाइडवर वाळवा. आम्लाच्या थेंबाने फसफसले तर काटे चुन्याचे. सिलिकाचे असतील तर काही होत नाही. धुण्याचा कंटाळा करणाऱ्याने दुसरा विषय घ्यावा, हे माझं प्रामाणिक मत.

नमुना अल्कोहोलमध्ये टाकण्याआधी फोटो घ्या, रंग उडतो. स्पंजच्या अंगात पाणी भरपूर, म्हणून अल्कोहोल दुसऱ्या दिवशी बदला. फॉर्मॅलिन नको, पुढे डीएनए नीट मिळत नाही.

व्हायव्हात "स्पंज पाणी गाळतो" एवढ्यावर थांबू नका. आतल्या पेशींच्या कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, हलत राहतात, बारीक छिद्रांतून पाणी आत येतं आणि मोठ्या तोंडातून बाहेर पडतं; त्यात जिवाणू टिपले जातात, हे झालंच. पण प्रवाळ खडकांवरचे काही स्पंज पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्यही शोषतात आणि आपल्या जुन्या पेशी भराभर टाकून देतात. विरघळलेलं जे बाकीच्या बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही, ते असं कणांच्या रूपात गोगलगायी, खेकड्यांपर्यंत पोचतं. २०१३ साली हे 'स्पंज लूप' म्हणून मांडलं गेलं. मला स्वतःला या विषयात ओढलं ते यानेच.

सुरुवात गोड्या पाण्यातल्या स्पंजपासून करा. सह्याद्रीतल्या नद्यांचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की दगडांवर, दगडांखाली त्यांची वाळकी पापुद्री सापडते, आत गेम्यूल असतात, म्हणजे ज्यांतून पुन्हा नवा स्पंज वाढतो त्या बारीक टणक गोळ्या. हात बसला की आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे गाइडच्या पत्रासह जा.

कोकणची तारीख मात्र पंचांग बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोलवर जाते, तेव्हाच खडक उघडे पडतात. मालवणला सागरी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. परवानगीचा अर्ज तिकीट काढायच्या बराच आधी करा.