गाडीचा स्लो बिघडलाय? स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

स्लो म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात त्याची तक्रार हमखास ऐकू येते. व्हरायटी चौकात लाल सिग्नल, गिअर न्यूट्रलला, एसी फुल, आणि आरपीएमचा काटा खाली-वर नाचतोय. कधी गाडी तिथेच बंद पडते. मग गॅरेजमध्ये गेल्या गेल्या मागणी असते, "भाऊ, स्लो थोडा वाढवून द्या." पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत स्लोचा स्क्रू फिरवणं हा रीतसर उपाय होता. इंजेक्शनच्या गाडीत स्लो कॉम्प्युटर ठरवतो. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पडदीने कमी-जास्त करणाऱ्या भागावर, दिसणारा स्क्रू ती पडदी किती मिटावी एवढ्यापुरता असतो आणि तो कंपनीतूनच बसवून आलेला असतो. तो फिरवला की थ्रॉटल सेन्सरचं मूळ माप चुकतं, काटा आणखी हेलकावे खातो आणि खरा दोष झाकला जातो.

दुसरी चूक म्हणजे थंड इंजिनवरून निदान करणं. सकाळी सुरू करताच काटा १२०० ते १५०० वर असेल तर ते ठीकच आहे, काही मिनिटांत तो उतरायला हवा. पूर्ण तापलेलं पेट्रोल इंजिन साधारण ७०० ते ९०० च्या दरम्यान स्थिर राहतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. इंजिन तापूनही काटा चढलेलाच असेल, तर आधी पायाखालचं मॅट ॲक्सिलरेटरला अडतंय का ते बघा. मग केबल ताठ झाली आहे का, तापमानाचा सेन्सर इंजिनला थंडच समजतोय का, हे तपासा.

माझं ठाम मत आहे की पार्ट बदलण्याआधी 'केव्हा' हा प्रश्न विचारायलाच हवा. एसीचा कॉम्प्रेसर लागताना काटा क्षणभर दबून सावरला तर काळजी नाही. तो दबलेलाच राहिला तर थ्रॉटल बॉडी बघा. इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफांची काजळी पडदीच्या कडेला काळ्या कड्यासारखी साचते आणि हवेची बारीक फट बुजते. जुन्या इंजेक्शन गाड्यांत स्लोचा वेगळा व्हॉल्व्ह असतो, तोही असाच चिकटतो. साफ करताना स्प्रेचा मारा करू नका, फडक्यावर क्लीनर घेऊन पुसा. पडदी इलेक्ट्रॉनिक असेल तर बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात. साफसफाईनंतर स्लो चढला म्हणून घाबरू नका. कॉम्प्युटर अजून जुन्याच हिशोबाने पडदी उघडतोय, त्याला जोडायच्या स्कॅनरवरून नवी शिकवणी द्यावी लागते.

काटा सतत हेलकावे खात असेल आणि बॉनेटखाली 'स्सस' ऐकू येत असेल, तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात रबरी होज पाइप कडक होऊन तडकतात, बहुतेकदा जोडाशी, क्लिपच्या खाली, वरून न दिसणाऱ्या जागी. पाइप वाकवून बघितल्याशिवाय ती भेग उघडत नाही. संशयित पाइप पक्कडीने हलकेच दाबा. स्लो बदलला तर दोष त्याच वाटेवर. गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. तिने आग लागू शकते, कुणालाही ते करू देऊ नका. धुराच्या मशीनने हीच गळती सुरक्षितपणे सापडते.

ब्रेक दाबताच स्लो बदलतो आणि पेडल दगडासारखं लागतं? मग ब्रेक हलका करणारा बूस्टर किंवा त्याचा पाइप गळतोय. तशी गाडी वर्धा रोडवर काढू नका.

गिअरची गाडी आहे, तर क्लचलाही विचारा. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबल्यावर इंजिन ठळकपणे गुदमरत असेल तर क्रँकशाफ्टचं थ्रस्ट बेअरिंग तपासून घ्या. काटा स्थिर असून फक्त स्टिअरिंग थरथरत असेल, तर स्लोला दोष देऊ नका, बहुतेकदा इंजिनचं रबरी माउंटिंग खचलेलं असतं.

मिसिंग, म्हणजे कुठल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही ते, शोधायला चालू इंजिनवर स्पार्क प्लगची कॉइल उपटून बघणं सोडा. झटका जबर बसतो आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

स्कॅनर लावला तर पी०५०६ म्हणजे स्लो अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. हे कोड लक्षण सांगतात, कुठला पार्ट गेला ते नाही. स्कॅनरमध्ये इंधनाचा 'ट्रिम', म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, पण वाचायला सांगा. स्लोवर तो बराच अधिक आणि २५०० आरपीएमवर सामान्य दिसला, तर हवेच्या गळतीचा संशय पक्का होतो.

आणि तापलेल्या इंजिनवर स्लोला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर स्लो वाढवून तो घालवू नका. इंजिन तिथेच बंद करा, थोडं थांबून डिपस्टिक काढून बघा, आणि ऑइल पुरेसं असूनही दिवा लागत असेल तर गाडी टोइंगनेच न्या.