हॅलोविनच्या संध्याकाळी कुत्रा सांभाळताना या चुका टाळा

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागायला येतात. अंधार पडू लागला की दर पाच मिनिटांनी बेल वाजते. दारात मुखवटे, शिंगं, लांब झगे. माणसाचा चेहरा आणि चाल ओळखून निश्चिंत होणाऱ्या कुत्र्याला त्या संध्याकाळी कोणाचाच चेहरा दिसत नाही. त्यातच गोड खाऊचं भांडं दाराजवळ, नेमकं त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवलेलं असतं. बहुतेक अपघात होतात ते इथेच, उंबरठ्याच्या दोन हात आत.

“आमचा कुठे पळत नाही” असं धरून चालणं

एरवी पळत नसेलही. पण घाबरलेलं कुत्रं उघड्या दारातून निसटलं की हाकेला थांबत नाही. दिवस मावळायच्या आत त्याला फिरवून, खाऊ घालून आणा. फिरवायला साधा सहा फुटी पट्टा घ्या. लांबणारा पट्टा हातातून सुटला तर त्याची जड मूठ फरफटत मागे येते आणि कुत्रं आणखीच बिथरतं.

मग मागच्या खोलीत त्याची सोय करा: अंथरूण, पाणी, पंख्याचा किंवा टीव्हीचा आवाज, चाटत बसायला दही भरून गोठवलेलं रबरी खेळणं. खोलीचं दार बंद आणि बाहेर बेबी गेट (लहान मुलांना अडवायला लावतात ते बुटकं फाटक), असे दोन अडथळे हवेत, कारण घरात आलेलं एखादं मूल एक दार नक्की उघडतं. या खोलीची सवय आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ लावावी लागते. ऐनवेळी कोंडलं तर ते दार ओरबाडत बसतं. त्याहून सोपा उपाय म्हणजे बेल बंद करून खुर्ची आणि खाऊ घेऊन बाहेर पायरीवर बसणं. बेलच वाजली नाही तर निम्मा त्रास कमी होतो.

कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चिप म्हणजे जीपीएस नव्हे. तिच्यात फक्त एक क्रमांक असतो आणि नोंदणीत तुमचा जुना फोन असेल तर त्याचा उपयोग शून्य. घर किंवा नंबर बदलला असेल तर आजच दुरुस्ती करा. गळपट्ट्यावरचा बिल्लाही तपासा.

“थोडंसंच खाल्लंय” म्हणून वाट बघणं

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याला विषारी असतं आणि त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. साधारणपणे दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमला उलट्या, जुलाब आणि अस्वस्थता दिसते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी पहिली पायरी म्हणजे अंदाजे ९० ग्रॅम मिल्क चॉकलेट (पाच-सहा छोटे बार), पण बिनसाखरेचं बेकिंग चॉकलेट असेल तर जेमतेम १५ ग्रॅम. म्हणून किती खाल्लं याबरोबर कोणतं खाल्लं हेही महत्त्वाचं. रॅपर फेकू नका, व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) तेच वाचून दाखवायचं असतं. लक्षणं दिसायला बऱ्याचदा सहा ते बारा तास लागतात, आणि उलटी करवण्याचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन तासांत असतो. कुत्रं ठणठणीत दिसतंय तीच फोन करायची वेळ.

चॉकलेटपेक्षा झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरलं जाणारं एक गोड द्रव्य, वेगाने घात करतं. बिनसाखरेच्या च्युइंग गममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये ते असतं, लेबलवर कधी कधी ‘बर्च शुगर’ असं लिहिलेलं. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेलं तरी रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीवर उतरू शकते. मात्रा वाढली तर यकृत निकामी होऊ शकतं.

मराठी घरांत याच सुमारास दिवाळीचा फराळ असतो. चिवड्यातले बेदाणे आणि ‘आरोग्यदायी’ म्हणून मुलांना वाटल्या जाणाऱ्या मनुकांच्या छोट्या डब्या, दोन्हींमुळे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती मनुका चालतील याचा सुरक्षित आकडा नाही, एकही नको.

उलटी करवायला मिठाचं पाणी पाजणं

ही चूक जीवघेणी आहे. उलटी होईलच असं नाही, मात्र रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला सूज येऊ शकते. हायड्रोजन पेरॉक्साइडही स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. ते ३ टक्क्यांचंच हवं, मात्रा वजनावर ठरते, आणि पग किंवा फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या, गुंगीतल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याला उलटी करवली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. बटण सेल गिळला असेल तर उलटी मुळीच करवायची नाही. सरळ इमर्जन्सीत न्या. सल्ल्यासाठी अमेरिकेत एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेचं विषनियंत्रण केंद्र (८८८-४२६-४४३५) आणि पेट पॉयझन हेल्पलाइन (८५५-७६४-७६६१) चोवीस तास चालू असतात. दोन्हीकडे शुल्क पडतं, ते भरा.

ग्लो स्टिक चावल्यावर घाबरून जाणं

ग्लो स्टिक म्हणजे अंधारात चमकणारी प्लास्टिकची कांडी. ती चावली की तोंडाला फेस येतो, लाळ गळते, कुत्रं पंजाने तोंड घासतं. दिसायला भयंकर असलं तरी आतला द्रव बहुधा फक्त अतिशय कडू असतो. ओल्या फडक्याने तोंड पुसा, थोडं दूध किंवा खाणं द्या. मग अंधाऱ्या खोलीत न्या: केसांवर सांडलेला द्रव चमकताना दिसेल. तेवढा भाग धुतला नाही तर अंग चाटताना पुन्हा फेस येईल.

कुत्र्याला पोशाख घालण्याचा हट्ट

जागच्या जागी थिजणं, कान मागे पाडणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, सारख्या जांभया: हे सगळे नकार आहेत. काढून टाका. गळ्याला रंगीत रुमाल पुरतो.

घरातली गोळी देणं

सर्दी-ॲलर्जीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या कुत्र्याला विषारी ठरतात. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी व्हेट ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन ही शांत करणारी औषधं देतात, पण त्यांची चाचणी मात्रा आधीच्या एखाद्या शांत दिवशी देऊन बघावी.

१ नोव्हेंबरला नेहमीसारखं फिरायला जाणं

फुटपाथवर, गवतात, झुडपांखाली सांडलेला खाऊ पडलेला असतो. पट्टा आखूड धरा आणि जमिनीकडे लक्ष ठेवा. कोरलेल्या भोपळ्यांवर बुरशी धरली असेल तर ते आधी उचला, काही बुरशींमुळे कुत्र्याला थरथर आणि झटके येतात. रॅपर गिळल्याचा संशय असेल तर पुढचे काही दिवस उलट्या, खाणं सोडणं किंवा शी करताना कुंथणं यावर नजर ठेवा. यातलं काहीही दिसलं तर रॅपर आतड्यात अडकलं असेल असं धरून त्याच दिवशी व्हेटकडे न्या.