साठीनंतरची ‘ती गोळी’ : काउंटरवरून रोज दिसणाऱ्या चुका

दुकान बंद करायच्या वेळेला, काउंटरवर दुसरं कोणी नाही असं बघून आत येणारे काका लगेच ओळखू येतात. आधी डोकेदुखीची गोळी, मग आयोडेक्स, मग मान खाली घालून, “आणि ती... ती पण द्या चार.” ती म्हणजे ताठरपणा आणणारी, व्हायग्रासारखी गोळी. साठी काय नि पंच्याहत्तरी काय, इच्छा असणं स्वाभाविक आहे. माझं भांडण आहे ते चोरून गोळी घेण्याशी.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते अनोळखी दुकान गाठणाऱ्यांवर. बीपी, शुगर, हृदयाच्या गोळ्या वर्षानुवर्षं आमच्याकडून न्यायच्या आणि ही एकच गोळी आणायला एसटीने तालुक्याला जायचं, का तर तिथे कोणी ओळखत नाही. अहो, धोका तिथेच आहे! तुमच्या खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, असते हे त्या दुकानातल्या पोराला कसं कळणार?

आमच्या एका गिऱ्हाईकाचं असंच झालं. निवृत्त कंडक्टर, अँजिओप्लास्टी झालेली. मित्र म्हणाला, “घ्यायची तर शंभरचीच घे,” म्हणून बाहेरून १०० मिलिग्रॅमची सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध ते हेच) आणली. रात्री छातीत दाटल्यासारखं झालं, तेव्हा सवयीने सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली. दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की बीपी धाडकन कोसळतं. काका न्हाणीच्या दारातच पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “आणखी काही घेतलंय का?” काका शुद्धीवर होते, पण शेजारी सून उभी. गप्प बसले. शेवटी मुलाला पँटच्या खिशात फोडलेली स्ट्रिप सापडली, तेव्हा कुठे उलगडा झाला. काका वाचले. दुसऱ्या दिवशी मुलगा ती स्ट्रिप घेऊन माझ्याकडे, “तुम्ही दिलीत का?” विचारायला!

तेव्हा नीट ऐका. नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध, चालू असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही, अर्धीसुद्धा नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि त्याच कामाची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेटला हात लावायचा नाही. छातीत दुखलं तर थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य “मी ही गोळी घेतली आहे” हेच सांगायचं. सून असो नाहीतर व्याही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही आधीच सांगा, त्यानेही बीपी उतरतं. पासष्टीपुढे डॉक्टर बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. मित्राची शंभर ही मित्रापाशीच राहू द्या. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि चिठ्ठी असली तरी “जिभेखालची गोळी आहे का घरात?” हे विचारतोच. काही जण चिडतात. चिडू देत.

दुसरी चूक, बीपीच्या गोळीमुळे ताठरपणा येत नाही असं ऐकून ती परस्पर बंद करणं. काही गोळ्यांनी तसं होतं हे खरं, पण त्यांना पर्याय असतो आणि तो डॉक्टर देतात. शिवाय तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चोंदण्याची खूण कधीकधी आधी तिथेच दिसते. नव्याने तक्रार सुरू झाली असेल तर शुगर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. गोळी मागायला दहा जण येतात, तपासणीचं नाव काढलं की घरी काम निघतं.

आता काकूंबद्दल, कारण त्यांचा विचार कोणीच करत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होतो, संबंधांच्या वेळी आग होते. बाई काही बोलत नाही, नुसती टाळते. काकांना वाटतं आपलीच ताकद कमी पडली, की चालले जास्त पॉवरची गोळी आणायला. दुखतंय तिला, गोळी खाताय तुम्ही! आधी बायकोशी बोला. पाण्यावर आधारित जेल चिठ्ठीशिवाय मिळतं, तेवढ्याने पुष्कळदा भागतं. नाही भागलं तर स्त्रीरोगतज्ज्ञ इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत “काही फरक नाही” म्हणून ट्यूब परत आणू नका. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुणं बंद, त्याने कोरडेपणा वाढतोच. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी “उष्णता झाली असेल” म्हणत बसू नका. बहुतेकदा कारण साधंच निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते.

बाकीचं थोडक्यात. भरपेट मटण खाऊन सिल्डेनाफिल घेतली तर ती उशिरा लागू पडते. दहा मिनिटांत काही झालं नाही म्हणून दुसरी गिळणाऱ्यांना तर मी हातच जोडतो. तासभर थांबा, आणि नुसतं घड्याळ बघत बसून काही होत नसतं, जवळीक लागतेच.

भिंतींवरच्या जाहिरातींतली ‘शुद्ध जडीबुटी’ नको. असल्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडलं आहे, आणि लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४च्या कायद्याने बंद आहे, तरी भिंती रंगतातच.

हार्ट अटॅकनंतर संबंध कधी ठेवायचे, हे डॉक्टरांना तोंड उघडून विचारा. दोन जिने दम न लागता चढता येतात का, हे तेही बघतात.

गर्भ राहायची भीती नाही म्हणजे कंडोम नको असं नाही. नवा जोडीदार असेल तर हवाच, कारण एचआयव्ही वय विचारत नाही. कंडोमवर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं.

आणि ताठरपणा चार तासांनंतरही उतरला नाही तर सकाळची वाट न बघता, रात्रीच दवाखाना गाठा.