कॉलेज बास्केटबॉलमधल्या गार्डचा अहवाल लिहायला बसण्याआधी

दोनशे पानी वही, दोन रंगांची पेनं आणि त्या गार्डचे, म्हणजे चेंडू हाताळत खेळ उभा करणाऱ्या खेळाडूचे, किमान सहा पूर्ण सामने. हायलाइट्स नकोत, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचे सामने हवेत. एवढं हाताशी नसेल तर ‘हा एनबीएत (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये) चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं एक वाक्यही लिहायचं नाही, हा नियम मी २०१८च्या जूनपासून पाळतो. त्या उन्हाळ्यात व्हिलानोव्हा या अमेरिकी विद्यापीठाच्या जेलन ब्रन्सनवर माझ्या वहीत अर्धं पान होतं: उंची कमी, उडी बेताची, पाय फार वेगवान नाहीत, राखीव गार्ड होईल. यातली पहिली तीन निरीक्षणं बरोबर होती, चौथा निष्कर्ष साफ चुकला. तो अर्धा कागद समोर ठेवूनच पुढची यादी लिहितो आहे, कारण प्रत्येक मुद्दा त्यावरच शिकलो.

सामने निवडण्यापासून सुरुवात करा. एक सामना मोसमाच्या सुरुवातीचा, दोन तगड्या संघांविरुद्ध परक्या मैदानावरचे, एक मार्चमधला बाद फेरीचा, एक हरलेला आणि एक असा, ज्यात त्याचं काहीच जुळून आलं नाही. शेवटचे दोन मुद्दाम शोधावे लागतात. व्हिलानोव्हा त्या मोसमात ३६ सामने जिंकून फक्त ४ हरली होती, म्हणजे पराभव शोधायलाही कष्ट पडले. पण न जमलेला सामना शोधावा लागला नाही, तो चक्क अंतिम सामना होता. सॅन अँटोनिओत मिशिगनला ७९-६२ असं हरवून व्हिलानोव्हा राष्ट्रीय विजेती झाली. राखीव म्हणून आलेल्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने ३१ गुण केले आणि त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ब्रन्सन ९ गुणांवर राहिला. ज्यांनी तेवढा एकच सामना पाहिला त्यांचं मत काय झालं असेल ते ओळखता येतं. आपल्याकडे हे सामने पहाटे-सकाळी दिसतात, तेव्हा अर्धवट झोपेत केलेली नोंद दुपारी पुन्हा तपासा. माझ्या सकाळच्या नोंदींत डाव्या-उजव्या हाताची गल्लत हमखास सापडते.

वहीचं पहिलं पान गार्डसाठी ठेवू नका, ते दोन कोर्टांमधल्या फरकासाठी ठेवा. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. कॉलेजमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे एका चढाईत शॉट मारायची मुदत, ३० सेकंदांचा, तिकडे २४. कॉलेजमध्ये पाच फाउलला बाहेर, तिकडे सहाला. थ्री-पॉइंटची रेषा (तिच्या मागून पडलेल्या शॉटला तीन गुण) ब्रन्सनच्या काळात कॉलेजमध्ये २० फूट ९ इंचांवर होती. एनबीएत ती समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे, म्हणजे तेव्हा सरळ तीन फुटांचा फरक होता. २०१९-२०च्या मोसमापासून कॉलेजची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली, त्यामुळे आजच्या मुलांच्या बाबतीत समोरचा फरक दीड फुटाच्या थोडा वर उरला आहे आणि कोपऱ्यात जवळपास नाहीच, कारण एनबीएची कोपऱ्यातली रेषा २२ फुटांवरच आहे. जुन्या गार्डशी तुलना करताना हे विसरलात तर आकडे फसवतील.

याच पानावरचा एक नियम मात्र लाल पेनने लिहा. एनबीएत बचाव करणारा खेळाडू कोणाला जवळून अडवत नसेल, तर रिंगखालच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. कॉलेजमध्ये ही अट नाही. उंच सेंटर तिथे ठाण मांडून बसतो, झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावून वाट बंद होते आणि ड्रिबल करत आत शिरणारा गार्ड भिंतीवर आदळतो. म्हणून कॉलेजमध्ये रिंगजवळ चुकलेला प्रत्येक लेअप सारखा मोजू नका. समोर किती जण उभे होते ते मोजा. तीन जणांच्या गर्दीत चुकलेले लेअप वरच्या लीगच्या मोकळ्या कोर्टवर पडू शकतात. एकाच माणसासमोर, मोकळ्या वाटेत चुकणारे लेअप मात्र तिथेही चुकणारच, कारण तिथला तो एक माणूस आणखी उंच आणि आणखी चपळ असतो.

मापांवर फार वेळ घालवायचं कारण नाही, पण ती खरी हवीत. कॉलेजच्या यादीतली उंची बहुतेक वेळा फुगवलेली असते. ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं; त्याआधीच्या शिकागोच्या ड्राफ्ट कंबाइन या चाचणीत बुटांशिवायची उंची, पसरलेल्या हातांचा फैलाव आणि उभ्याने वर नेलेल्या हाताची पोच मोजतात, तीच मापं घ्या. गार्डच्या बाबतीत मी उंचीपेक्षा फैलाव आधी बघतो. ब्रन्सनच्याच ड्राफ्टमधल्या केंटकीच्या शे गिल्जस-अलेक्झांडरचा फैलाव जवळपास सात फूट होता, आणि त्याची पोच बचावात किती कामाला येते ते पुढे सगळ्यांनी पाहिलं. ब्रन्सनच्या मापात तसं काहीच नव्हतं. मापाच्या रकान्यात त्याला वजाच मिळायला हवं होतं आणि मिळालं.

नेमबाजीसाठी थ्री-पॉइंटच्या टक्केवारीवर थांबू नका. फ्री थ्रोची टक्केवारी शेजारी लिहा, कारण तिथे कोणी अडवत नसतं आणि हाताची खरी ठेवण कळते. मग प्रत्येक थ्रीसमोर एक अक्षर टाका: पास घेऊन जागेवरून मारलेल्याला ‘ज’, ड्रिबल करून मारलेल्याला ‘ड’. ओक्लाहोमाच्या ट्रे यंगने २०१७-१८मध्ये देशात सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक असिस्ट (ज्यावरून जोडीदार गुण करतो असे पास) अशी दोन्ही शिखरं एकाच मोसमात गाठली, सामन्याला २७.४ गुण आणि ८.७ असिस्ट, पण थ्रीची टक्केवारी ३६च होती. नुसता आकडा साधा वाटतो. सामने पाहिले तर कळतं, तो सामन्याला दहाच्या वर थ्री मारत होता, त्यातले कितीतरी रेषेच्या बरंच मागून, अंगावर माणूस असताना, ड्रिबलवरून. फ्री थ्रो ८६ टक्के. ते ३६ आणि कोपऱ्यात मोकळ्या उभ्या मुलाचे ३६ एकाच तराजूत घालता येत नाहीत. ब्रन्सनची थ्रीची टक्केवारी शेवटच्या वर्षी ४०.८ होती आणि त्यात दोन्ही प्रकारचे शॉट होते.

आता जिथे सर्वात जास्त वेळ द्यायचा तो भाग. चेंडू हातात असताना त्याच्या पायांकडे बघा. आवाज बंद करा, वेग अर्ध्यावर आणा, एकच खेळ पाच वेळा फिरवा. ब्रन्सन डावखुरा. तो आपल्यापेक्षा उंच गार्डला पाठीवर घेऊन रिंगकडे सरकत जायचा, एक ड्रिबल, खांदा टेकवायचा, आणखी एक ड्रिबल आणि मग थांबायचा. या थांबण्यातच सगळं आहे. दोन्ही पायांवर उतरला की त्याच्यासमोर चार वाटा उघड्या असायच्या: डाव्या खांद्यावरून वळणं, उजव्या खांद्यावरून वळणं, चेंडू वर उचलून हूल देणं, किंवा कोपऱ्यात उभ्या माणसाला पास. बचाव करणारा हुलीवर उडाला की ब्रन्सन त्याच्या काखेतून पुढे सरकायचा. तो न उडता तसाच राहिला, तर अर्धा पिव्होट मारून, म्हणजे एक पाय रोवून वळून, छोटा जंपर (उडी मारून घेतलेला शॉट). मी हे पाहिलं होतं, पण वहीत ‘पोस्टमध्ये चांगला’, म्हणजे रिंगजवळ पाठ करून खेळण्यात चांगला, एवढंच लिहून पुढे गेलो. गार्डने पोस्टमध्ये खेळणं ही व्हिलानोव्हाची पद्धत, वर कोण खेळू देणार, असं मनाशी धरलं. पोस्ट मागे राहिला असता तरी पायांचं कसब मागे राहणार नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. अवघड, चिंचोळ्या जागेत न घाबरता थांबता येणं ही कला रेषेवरून ड्रिबल करत आत शिरतानाही तितकीच उपयोगी असते. म्हणून तुमच्या गार्डबाबत वेगाबरोबर थांबण्याची नोंद करा. थांबल्यावर तोल राहतो का? डोळे वर असतात का? थांबल्यानंतर त्याच्याकडे किती पर्याय उरतात?

टर्नओव्हरची, म्हणजे गमावलेल्या चेंडूंची, बेरीज कोणीही देतं, तुम्ही प्रकार लिहा. हातातून निसटलेला चेंडू, उशिरा दिलेला पास आणि धाडसाने दिलेला पण चुकलेला पास. तिसऱ्या प्रकाराबद्दल मी गार्डला फार दोष देत नाही, तो मुलगा कोर्ट बघतो आहे. पहिला प्रकार जास्त असेल तर काळजी करा, कारण वर हात आणखी लांब असतात. दुसऱ्यासाठी पिक अँड रोल नीट बघा, म्हणजे जोडीदार बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो (स्क्रीन) आणि मग रिंगकडे धावतो तो खेळ: स्क्रीन लागल्यावर दोन बचावपटू त्याच्याकडे वळतात, त्या क्षणी चेंडू हातातून सुटतो की तो आधी आणखी एक ड्रिबल घेतो? ब्रन्सन सामन्याला ४.६ असिस्ट देऊन १.८ टर्नओव्हर करायचा. चेंडू सतत हातात असणाऱ्या मुलासाठी हा आकडा फार चांगला आहे, आणि माझ्या त्या अर्ध्या पानावर तो नव्हताच.

बचावासाठी एक पूर्ण सामना वेगळा ठेवा आणि त्यात चेंडूकडे बघूच नका. सुरुवातीला अवघड जातं, डोळा आपोआप चेंडूमागे धावतो. बघायचं ते हे: प्रशिक्षक त्याला समोरच्या संघातल्या सर्वोत्तम गार्डवर लावतो की कुठे तरी कोपऱ्यात लपवतो? स्क्रीनवर तो अडकतो की वरून निघतो? बचावपटूंनी आपापली माणसं अदलाबदल केल्यावर उंच माणूस वाट्याला आला तर छाती लावून उभा राहतो का? उरलेलं, म्हणजे चोरलेले चेंडू वगैरे, आकड्यांतून नंतर घेता येतं. ब्रन्सनच्या बचावाबद्दल शंका रास्त होती आणि आजही आहे. प्रत्येक उणीव खोटी ठरली असं मी म्हणत नाही. त्या ड्राफ्टमध्ये त्याच्या लगेच आधी, ३२व्या क्रमांकावर, वेस्ट व्हर्जिनियाचा जेव्हॉन कार्टर गेला होता. सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम बचावपटू ठरलेला गार्ड. त्याचा बचाव वरही टिकला, पण चेंडू हातात घेऊन खेळ उभा करण्याचं काम त्याच्याकडे आलं नाही. ३४व्या क्रमांकावर कॅन्ससचा डेव्हॉन्टे ग्रॅहम होता, ज्याने पुढे शार्लटसाठी एका मोसमात सामन्याला १८च्या वर गुण केले. तीन अनुभवी कॉलेज गार्ड ओळीने. मी त्या तिघांना एकाच वाक्यात उरकलं होतं. गार्डचं मूल्यमापन करताना त्याच्या शेजारचे दोघे वेगळे कसे आहेत हे लिहिता आलं नाही, तर समजा की अजून एक सामना बघायला हवा.

संघाकडेही बघा. व्हिलानोव्हाच्या त्या एका संघातून मिकाल ब्रिजेस, डिव्हिन्चेन्झो, ओमारी स्पेलमन आणि ब्रन्सन असे चौघे पहिल्या ३३ जणांत निवडले गेले. इतके चांगले जोडीदार असताना मोकळ्या जागा कोण तयार करतो आणि कोण नुसता वापरतो, हे वेगळं काढावं लागतं. उलट यंगसारख्याच्या खांद्यावर सगळा संघ असतो, तिथे त्याच्या चुका थोड्या सैल मोजाव्या लागतात. वर गेल्यावर भूमिका बदलते, तेव्हा ‘चेंडू हातात नसताना हा काय करतो’ याची एक वेगळी ओळ ठेवा. ब्रन्सनला डॅलसच्या संघात पहिली चार वर्षं, चेंडू ज्याच्या हातात असायचा त्या लुका डॉन्चिचच्या बाजूला खेळायचं होतं. २०२२च्या प्लेऑफमध्ये लुका जखमी असताना युटाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात त्याने ४१ गुण केले आणि एकही टर्नओव्हर केला नाही.

वय लिहा, पण त्याला शेवटचा शब्द देऊ नका. तीन वर्षं कॉलेज खेळून आलेला २१ वर्षांचा गार्ड म्हणजे ‘जेवढा वाढायचा तेवढा वाढला’ असं धरण्याची सवय असते. तीन वर्षांत त्याने काय नवं शिकलं ते पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचा एकेक सामना लागोपाठ बघून ठरवा. शिकत आलेला मुलगा पुढेही शिकण्याची शक्यता जास्त. दुखापतींची नोंद असेल तर तारखांसकट लिहा. घरची पार्श्वभूमी खेळाशी संबंधित असेल तेवढीच घ्या. ब्रन्सनचे वडील रिक ब्रन्सन स्वतः एनबीएत गार्ड होते, हे पायांच्या त्या शिस्तीशी जोडून बघण्यासारखं आहे.

आता पान आखा. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे उणिवा, हे सगळेच करतात. मी मध्ये तिसरा रकाना घालतो आणि तो भरल्याशिवाय निष्कर्ष लिहीत नाही. प्रत्येक उणिवेसमोर तिथे लिहायचं: ती भरून काढायला हा आज काय करतो? ‘उंची कमी’च्या समोर ‘पिव्होट, हूल, तोल, डावा हात’ आलं असतं, ‘उडी बेताची’च्या समोर ‘उडण्याची गरज पडू देत नाही’ आलं असतं. बचावासमोरचा रकाना बराचसा कोराच राहिला असता, आणि तेही खरं मूल्यमापन झालं असतं. एखाद्या गार्डच्या सगळ्याच उणिवांसमोर रकाना कोरा राहिला तर त्याच्या जमेच्या बाजू कितीही चमकदार असोत, मी त्याला वरच्या दहांत ठेवणार नाही.

अहवालाखाली तारीख टाका आणि पान फाडू नका. पहिल्या मोसमानंतर ते उघडायची घाई नको. ब्रन्सनने पहिल्या वर्षी सामन्याला ९.३ गुण केले होते आणि माझं अर्धं पान तेव्हा अगदी बरोबर दिसत होतं. चौथ्या वर्षी १६.३, न्यूयॉर्कमध्ये गेल्यावर २४, त्यानंतर २८.७. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला या जूनची तारीख लिहा आणि तिच्याखाली चार वर्षांनंतरची.