इनडिझाइनमध्ये फोटो लहान-मोठा करताना चौकट आधी ओळखा

फोटोची चौकट आणि आतला फोटो या इनडिझाइनमध्ये (पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर) दोन वेगळ्या वस्तू आहेत. सिलेक्शन टूलने (शॉर्टकट व्ही) कोपरा ओढला की फक्त चौकट बदलते, फोटो तेवढाच राहून कापला जातो. दोन्ही एकत्र, प्रमाणात बदलायचे तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून कोपरा ओढा; मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड.

फोटोच्या मधोमध दिसणारे गोल चिन्ह चुकून धरून ओढले तर चौकट जागेवरच राहते आणि आतला फोटो सरकतो. छापायला जाणाऱ्या पानांत ही चूक फार होते. व्ह्यू मेनूतल्या एक्स्ट्रा‌जमधून ते चिन्ह लपवलेले बरे. आतला फोटो चुकून निवडला गेला, तर एस्केप दाबा. निवड चौकटीवर परत येते.

एकाखाली एक वस्तू असतील, तर कंट्रोल दाबून पुन्हा पुन्हा क्लिक करा, निवड खालच्या वस्तूवर जाते.

मोठे केल्यावर लिंक्स पॅनलमध्ये इफेक्टिव्ह पीपीआय (आताच्या आकारात दर इंचाला पडणारे पिक्सेल) पाहाच: ३०० पीपीआयचा फोटो १५० टक्के केला की २०० उरतो. मजकुराची चौकट मात्र कंट्रोल-शिफ्ट दाबून ओढू नका, अक्षरांचा आकारही बदलतो.